डावीकडचे खडे

“…तर मग माझी जागा मी का सोडू, तेवढं सांगा वस्ताद.”

उकंडराव वस्तादांचं लक्ष दुसरीकडंच होतं. ते दारातल्या मातीच्या ढिगाकडे बघत होते. सकाळीच ट्रॉलीभर लाल माती आखाड्यात येऊन पडली होती, आणि जपानहून आलेल्या शिष्यापेक्षा त्यांच्या लेखी तीच मोठी पाहुणी होती.

“बस,” ते म्हणाले. “बोलता बोलता खडे वेचू.”

निशिकांत मोहोडनं आपल्या पँटकडे पाहिलं. फिकट रंगाची, कडक इस्त्रीची पँट होती. मग त्यानं वस्तादांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं मातीत मांडी घातली.

वस्ताद त्याच्या डाव्या हाताला बसले. बसायला त्यांना वेळ लागला. एक हात गुडघ्यावर, एक जमिनीवर, मधे एक लांबलचक ‘हं’… आणि बसले एकदाचे.

अचलपूरच्या बाहेर, सापन नदीच्या काठाला हा आखाडा आहे. दर वर्षी इथं नवी माती येते. ती चाळतात, तिच्यात ताक, हळद, तेल घालतात आणि मग ती कुस्तीच्या हौद्यात पसरतात. पण चाळणीतून काढली तरी बारीक खडा राहतोच, आणि पाठीवर पडलेल्या पहिलवानाला तो बरोबर सापडतो. म्हणून वस्ताद आधी हातानं खडे वेचतात. पहिलवान कितीही मोठा झाला तरी या कामातून सुटत नाही.

निशिकांत लहानपणी इथंच लंगोट लावून उतरला होता. कुस्ती काही त्याच्या नशिबात नव्हती. समोरच्याला धरून ठेवण्यापेक्षा निसटलेल्याच्या मागं धावण्यातच त्याला मजा यायची. वस्तादांनी दोन हंगाम पाहिलं, मग एके दिवशी त्याचं बखोट धरून त्याला व्यायाम महाविद्यालयाच्या मैदानावर नेलं. तिथं पोरं बेसबॉल खेळत होती. याला माणूस धरता येत नाही, चेंडू देऊन बघा, असं तिथल्या सरांना सांगून ते परत आले. त्या खेळातलं वस्तादांना तेव्हाही काही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही.

चेंडू मात्र पोरगा धरायला लागला. असा धरायला लागला की आधी राज्याच्या संघात गेला, मग देशाच्या, आणि तिथून जपानमधल्या एका लहानशा शहराच्या व्यावसायिक संघात. निशू काय करतो, असं गावात कुणी विचारलं की घरचे सांगायचे, तिकडं चेंडू अडवतो. विचारणारा जरा थांबायचा, मग पावसापाण्याचं बोलायला लागायचा.

बेसबॉलचं मैदान म्हणजे मातीचा एक तिरका चौकोन. चार कोपऱ्यांवर चार ठाणी, त्यांना बेस म्हणतात. एका कोपऱ्यावर फलंदाज. त्याच्यासमोर, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे जो उभा राहतो तो शॉर्टस्टॉप. सरपटी फटके सगळ्यांत जास्त त्याच्याच अंगावर येतात, म्हणून संघातला सर्वांत चपळ माणूस तिथं ठेवतात. त्याच्या डाव्या अंगाला, बेसच्या पलीकडं, दुसऱ्या बेसचा माणूस उभा असतो. दोघं शेजारी.

निशिकांत शॉर्टस्टॉपच्या त्या जागेवर दहा-बारा वर्षं उभा होता. त्या जागेला तो ‘माझी’ म्हणायचा, आणि त्याच्यापुढं दुसरं कुणी म्हणायचं धाडस करत नव्हतं.

आता तो छत्तिशीला आला होता. संघाच्या व्यवस्थापकानं त्याला बोलावून, बिनदुधाचा हिरवा चहा पाजून, कमरेत वाकून वाकून सांगितलं होतं की पुढल्या हंगामात तिथं नवा मुलगा उभा राहील. तुम्ही दुसऱ्या बेसवर या. हायाशी यंदा निवृत्त झालाय, त्याची जागा रिकामी आहे. तिथं धाव कमी, फेक जवळची, अजून दोन-तीन वर्षं सहज खेळाल. ते मनाला येत नसेल तर आम्ही तुमचा थाटात निरोप समारंभ करू. सोमवारी उत्तर द्या.

निशिकांतनं उत्तर तिथंच ठरवून टाकलं होतं. नाही म्हणायचं, निरोपाचे हार घ्यायचे आणि गावी यायचं. दुसऱ्याच्या टाकलेल्या जागेवर जाऊन उभं राहणं त्याच्या जिवावर येत होतं. पण खेळ सोडायचा विचारही त्याला सोसत नव्हता, हेही खरं. सकाळी उठून मैदानावर जायचं नाही तर मग उठायचं तरी कशाला, हे त्याला समजत नव्हतं. म्हणून तो वस्तादांकडे आला होता. त्याला सल्ला नको होता. वस्तादांनी पाठीवर थाप मारून ‘बरोबर हाय तुहं’ म्हणावं, म्हणजे तो डोळे मिटून नाही म्हणून टाकणार होता.

वस्ताद खडे वेचत होते.

“तुम्हाला सांगतो वस्ताद,” निशिकांत म्हणाला, “इतकी वर्षं झाली, माझ्या जागेवर चेंडू कधी उसळून अंगावर आला नाही. बाकीच्यांच्या आला. माझ्या नाही.”

“काउन?”

एवढा एक शब्द आला आणि निशिकांत खुलला. हाच प्रश्न त्याला हवा होता.

त्यानं सांगितलं की सरपटी चेंडूचा खरा वैरी फलंदाज नसतो, खडा असतो. चेंडू सरळ येत असतो, ग्लव्ह खाली तयार असतो, आणि ऐन वेळी खड्याला लागून चेंडू उडतो तो थेट तोंडावर. म्हणून तो प्रत्येक चेंडूच्या आधी बुटानं माती सपाट करायचा, वाकायचा, दिसेल तो खडा उचलायचा आणि उडवून द्यायचा. डाव्या हातात ग्लव्ह असतो, तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांनी, मनगट आडवं करून, न बघता.

टीव्हीवाले ते मुद्दाम सावकाश करून दाखवायचे. त्या शहरातली शाळकरी पोरं त्याची नक्कल करायची. रस्त्यात भेटली की आधी बोटं उडवून दाखवायची आणि मग नमस्कार करायची. उत्तम क्षेत्ररक्षणाचं मानचिन्ह त्याला दोनदा-तीनदा मिळालं, आणि समारंभात दर वेळी त्याचा खडा उडवतानाचाच फोटो भिंतीवर झळकला.

“हे मी इथंच शिकलो,” तो म्हणाला. “तुमच्याकडं. आपली माती साफ ठेवायची.”

वस्तादांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही म्हणाले, ते कळलं नाही.

तिकडं गेल्यावर पहिल्याच दिवशी आपल्याला घरच्यासारखं कसं वाटलं, तेही त्यानं सांगितलं. तिथले खेळाडू मैदानात पाय ठेवण्याआधी मैदानाला वाकून नमस्कार करतात. आपण आखाड्याची माती कपाळाला लावतो, तसंच. सराव संपला की लांब दांड्याची लाकडी दंताळी घेऊन सगळे मिळून माती सारखी करतात. सुरुवातीची काही वर्षं त्यानंही केली. नंतर तो मोठा झाला, तेव्हा त्याला त्यातून सूट मिळाली.

“अस्सं,” वस्ताद म्हणाले.

बोलता बोलता निशिकांतचा उजवा हात मातीतून फिरत होता. हाताला सवय झाली की तो डोक्याला विचारायला जात नाही. खडा लागायचा, चिमटीत यायचा, उडायचा. पुन्हा लागायचा, यायचा, उडायचा. इतक्या वर्षांनी गावच्या मातीत हात घालून बसल्यामुळं निशिकांतला बरं वाटत होतं, आणि बरं वाटलं की तो जास्त बोलायचा.

वस्तादांनी हात टेकला, बूड जरासं उचललं आणि पुन्हा बसले.

गुडघे दुखत असतील, असं निशिकांतला वाटलं. त्यानं सतरंजी आणू का म्हणून विचारलं. वस्ताद नको म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या मांडीखाली हात घातला, चाचपून काहीतरी काढलं आणि बंडीच्या खिशात टाकलं.

त्या खिशाची एक जुनी गोष्ट होती.

वस्तादांची बंडी मांजरपाटाची, आणि तिला पोटावर एकच खिसा, पण पिशवीएवढा. तो कायम लोंबत असायचा. आखाड्यातल्या पोरांची खात्री होती की वस्ताद त्यात फुटाणे ठेवतात आणि एकटेच खातात. एकदा वस्ताद नदीवर अंघोळीला गेले असताना खुंटीवरच्या बंडीत हात घालायची कामगिरी निशूवर आली, कारण पळण्यात तोच पुढं. हात आत गेला तो खड्यांत. नुसते खडे. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं पोरांनी त्या दिवशी ठरवून टाकलं. फुटाणे मधल्यामधे गडप केल्याच्या संशयावरून निशूला चार धपाटे बसले ते वेगळेच.

खिसा आजही तसाच लोंबत होता.

“आता मले एक सांग,” वस्ताद म्हणाले. “तुही जे जागा हाय, तिथी तू सगळा खेयभर असतेस काय?”

“नाही. आमची फलंदाजी आली की आम्ही बाहेर येतो. मग समोरचा संघ मैदानात जातो.”

“तवा तिथी कोन उभं रायते?”

“त्यांचा शॉर्टस्टॉप.”

“तुह्याच जागी?”

“…हो. जागा तीच.”

“तो काय म्हनते तिले?”

निशिकांतचा हात थांबला.

ही गोष्ट त्याला माहीत नव्हती असं कसं म्हणणार? रोज डोळ्यांदेखत घडत होती. आपण बुटानं सपाट केलेल्या मातीवर, आपण साफ केलेल्या जागेवर, अर्धा खेळ दुसराच कुणी उभा असतो. तोही बुटानं माती सारखी करतो. बहुतेक तोही तिला माझी जागाच म्हणत असणार. निशिकांतला हे काही आवडलं नाही.

“ते वेगळं,” तो म्हणाला.

“बरं,” वस्ताद म्हणाले. वाद घालायची त्यांना हौस नव्हती.

…एक खडा उडाला.

मग वस्तादांनी त्या दुसऱ्या बेसची चौकशी केली. तिथं जायला एवढं काय जड जातंय, असं त्यांचं म्हणणं. जागा मातीचीच आहे ना?

निशिकांतनं तोंड वाकडं केलं. ती जागाच खराब आहे, असं त्यानं सांगितलं. हायाशी भला माणूस. त्याच्या शेजारी इतके हंगाम काढले. सरपटी चेंडू उचलायचा, न बघता डावीकडं टाकायचा, आणि हायाशी तिथं असायचाच. कधी नव्हता असं झालं नाही. जपानी भाषासुद्धा निशिकांत त्याच्याकडूनच शिकला, आणि त्यातली निम्मी चारचौघांत बोलण्यासारखी नव्हती. संध्याकाळी दोघं एकाच दुकानात शेवया खायचे. हायाशी स्वतःच्या वाडग्यातलं अंडं काढून निशिकांतच्या वाडग्यात टाकायचा, कारण निशिकांत तिकडचं मांसमटण खायला बिचकायचा.

पण हायाशीच्या जागेवर चेंडू सरळ म्हणून येत नसे. एकदा हनुवटीला टाके पडले. एकदा पुढचा दात गेला, तो शेवटपर्यंत सापडला नाही. चुका हायाशीच्या नावावर लागायच्या आणि मानचिन्ह निशिकांतला मिळायचं. हायाशी त्यालाही हसायचा. माझ्या जागेला कुणाची तरी नजर लागलीय म्हणायचा. एका वर्षी तर त्यानं देवळातल्या पुजाऱ्याला आणून तिथं मंतरलेलं मीठ टाकून घेतलं होतं.

“निवृत्त झाला त्या दिवशी मला म्हणाला,” निशिकांत म्हणाला, “सगळं आयुष्य गेलं, पण चेंडू माझ्याच जागेवर का उडतो, ते काही मला कळलं नाही.”

“मंग? तू काय म्हनलं?”

“मी म्हटलं, आपल्या जागेकडं आपण लक्ष ठेवावं लागतं.”

हे सांगताना त्याच्या आवाजात ऐट होती. ती त्याला स्वतःलाही ऐकू आली, पण जरा उशिरा.

वस्ताद पुन्हा मांडी बदलायला लागले होते. ते मधेच थांबले.

“ऊठ,” ते म्हणाले.

“झालं वेचून?”

“तुहं झालं. आता तू अथी बस. मी तुह्या जागी बसतो.”

निशिकांत उठला. त्यानं वस्तादांना हात दिला. वस्ताद दोन पावलं सरकून त्याच्या जागेवर टेकले, आणि बसल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर असं सुख पसरलं की पाहणाऱ्याला हेवा वाटावा.

निशिकांत वस्तादांच्या जागी बसला आणि लगेच अर्धा उठला.

त्यानं हातानं माती झटकली. पुन्हा बसला. पुन्हा टोचलं. मांडीखाली, घोट्याखाली, जिथं टेकावं तिथं खडे. इस्त्रीच्या पँटमधून ते एक एक करून आपली ओळख करून देत होते.

“वस्ताद, इथं तर तुम्ही काही वेचलंच नाही.”

“वेचूनच रायलो ना मघापासून,” वस्ताद म्हणाले आणि त्यांनी खिशावर थाप मारली. खिसा भरलेला होता.

“मग हे…”

…

वस्ताद नदीकडं बघत होते.

निशिकांतनं खाली पाहिलं. मग उजवीकडं, आपण उठून आलो त्या जागेकडं पाहिलं. तिथली माती मऊ होती, सारखी होती, तिच्यात खडा औषधालासुद्धा नव्हता. दोन जागांच्या मधल्या पट्ट्यावर मात्र खडे विखुरले होते. उजवीकडून सुरू होऊन डावीकडं येत येत ते थेट त्याच्या मांडीपर्यंत पोचले होते.

त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. बोटांच्या चिमटीत अजून एक खडा होता.

…

त्याला हायाशीचा दात आठवला. सामना थांबवून दोघं गुडघ्यांवर बसून तो शोधत होते. प्रेक्षक हसत होते, हायाशी तोंडाला रुमाल लावून स्वतः हसत होता. दात सापडला नाही. खडे पुष्कळ सापडले होते. एवढे खडे इथं आले कुठून, असं तेव्हा त्याच्या मनात आलंही होतं. मग पंचांनी खेळ सुरू करायचा इशारा केला आणि तो आपल्या जागेवर परत गेला होता. गेल्या गेल्या वाकून त्यानं एक खडा उचलला होता.

त्याला लाज वाटली. भरल्या मैदानात, हजारो लोकांसमोर चेंडू सुटला तेव्हा वाटली नव्हती एवढी लाज त्याला एका म्हाताऱ्यासमोर वाटली.

“मला कुणी कधी सांगितलं नाही,” तो म्हणाला. आवाज अगदी आखाड्यातल्या निशूचा होता.

“कोन सांगन, बावा? तुह्याकडं चेंडू सरयच यायचा.”



निशिकांत खडे वेचायला लागला. पहिला खडा उचलला आणि मनगट आपोआप आडवं झालं. त्यानं ते जागच्या जागी धरलं. आता या खड्याचं करायचं काय, ते त्याला सुचेना. उजवीकडं वस्ताद, डावीकडं हौदा, मागं तालमीची भिंत, पुढं जायची-यायची वाट. त्यानं तो डाव्या मुठीत धरला. मग दुसरा. मूठ भरली तेव्हा वस्तादांनी न बघताच आपला खिसा दोन बोटांनी उघडून पुढं केला. निशिकांतनं मूठ त्यात रिकामी केली.

असं बराच वेळ चाललं.

गंमत अशी की त्याला वाईट वाटायचं हळूहळू थांबलं. इकडून समोर चिखलदऱ्याचे डोंगर दिसत होते. आधीच्या जागेवरून मातीचा ढीग आड येत होता, त्यामुळं ते तिथं आहेत हेसुद्धा तो विसरला होता. ऊन कलतं झालं होतं. वाऱ्यानं हळदीचा आणि ताकाचा जुना वास हौद्यातून येत होता. खांद्यावरून काहीतरी उतरवून ठेवल्यासारखं त्याला हलकं वाटलं, आणि सोमवारी काय उत्तर द्यायचं हा प्रश्न आता तितकासा अवघड राहिला नाही.

“आधी हायाशीला फोन करतो,” तो म्हणाला.

“कायले?”

“सांगायला. जागेला नजर कुणाची लागली होती ते.”

वस्ताद हसले. आज दुपारपासून पहिल्यांदाच. हसता हसता त्यांना खोकला आला, आणि निशिकांतनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला. पाठीवर थाप घ्यायला आलेला माणूस पाठीवरून हात फिरवत बसला होता, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यालाही हसू आलं.

“हायाशी शिव्या देईल,” तो म्हणाला.

“देऊ दे. तुले समजतीन ना?”

“त्याच्याकडूनच शिकलोय.”

काम संपलं तसे दोघं नदीवर गेले. उतार होता, म्हणून वस्तादांनी निशिकांतच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्यांचा खिसा चालताना वाजत होता. पोरपणी हा आवाज निशिकांतनं रोज ऐकला होता. आखाड्याच्या मातीत सापडलेला खडा वस्ताद कधी कुंपणापलीकडं फेकत नसत, कारण पलीकडं बायांची पाण्याची वाट होती. कधी भिंतीकडं फेकत नसत, कारण तिथं पोरं अनवाणी जोर काढायची. दिवसभराचे खडे पोटावर वागवायचे आणि संध्याकाळी नदीला द्यायचे, हा त्यांचा रिवाज. पोरांना एवढा विचार कुठून सुचणार? त्यांना फुटाणे सुचले होते.

“आम्हाला वाटायचं, तुम्ही फुटाणे लपवता,” तो म्हणाला.

“मले माहीत हाय. बंडी उलटी टांगून ठेवली होती तुमी.”

वस्ताद पाण्याच्या काठाला उभे राहिले. त्यांनी खिसा धरून खाली वाकवला. खडे पाण्यात पडले, थोडा आवाज झाला, आणि पाणी पुन्हा आपल्या वाटेनं जायला लागलं.

निशिकांतनं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. मग त्यानं सांगून टाकलं. सोमवारी हो म्हणतो. दुसऱ्या बेसवर उभा राहतो. आधी ती सगळी जागा गुडघ्यांवर बसून साफ करतो, आणि सराव संपल्यावर दंताळंही हातात घेतो. झालीच तर दोन-तीन वर्षं. मजेत खेळेन, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. त्याच्या मनात आत्ताच सरपटी चेंडू यायला लागले होते.

वस्तादांनी ओली माती बोटावर घेतली आणि त्याच्या कपाळाला लावली. हाच आशीर्वाद. तोंडानं आशीर्वाद द्यायची पद्धत त्या आखाड्यात नव्हती.

निशिकांत पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

त्याला तो नवा मुलगा आठवला. विशीतला, हरणाच्या पायांचा. टीव्हीसमोर बसून निशिकांतला बघत बघत वाढलेला. सरावाच्या पहिल्याच दिवशी तो धावत आला होता, कमरेत वाकला होता, आणि काय बोलावं ते न सुचून त्यानं मातीतला एक खडा उचलून दाखवला होता. मनगट आडवं, दोन बोटं, न बघता. हुबेहूब. निशिकांतनं त्याला शाबासकी दिली होती.

दुपारपासून निशिकांत शुद्ध बोलत होता. आता मात्र तोंडात गावचंच आलं.

“वस्ताद,” तो म्हणाला, “त्या नव्या पोट्ट्यानं सगळं माह्यावरूनच उचललं. तो बी डावीकडंच फेकते.”

…

वस्तादांनी रिकामा खिसा बाहेर ओढला, त्यातली माती झटकली आणि तो पुन्हा नीट आत सारला.

“मंग खिसा मोठा शिवून घेजो.”